नवजात बालकांच्या सुरक्षेसाठी रुग्णालयांत ओळखपट्टी व इलेक्ट्रॉनिक टॅग यंत्रणा सक्तीची करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंबकल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातील शासकीय, महापालिका व खासगी प्रसूती रुग्णालयांतून नवजात बालके पळवली जाणे व त्यांची अदलाबदल होणे रोखण्यासाठी ओळखपट्टी आणि इलेक्ट्रॉनिक टॅग यंत्रणा कालबद्ध रीतीने लागू करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे नागरिक राज्यातील सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत बाळंत झालेल्या माता, त्यांचे कुटुंबीय आणि या प्रश्नाची काळजी असलेले लोक आहोत. प्रसूती घरी नको, दवाखान्यात करा, असे शासनाने आम्हाला सांगितले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि गावोगावच्या आशाताईंनी घरोघरी जाऊन बायकांना दवाखान्यापर्यंत आणले. शासनाच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही आलो. आलेली आई आपले बाळ घेऊनच घरी परतेल, याची हमी देणे आता शासनाचे काम आहे.

ही हमी वारंवार मोडल्याचे दिसते. जून २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातून अवघ्या काही दिवसांचे बाळ एका महिलेने उचलून नेले. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून आणि त्याच वर्षी मे महिन्यात मिरजेच्या शासकीय रुग्णालयातून नवजात बाळ पळवले गेले. पोलिसांनी तत्परतेने तपास केल्यामुळे ही तिन्ही बाळे आईच्या कुशीत परतली. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला हे येत नाही. मे २०२० मध्ये बंगळुरूच्या एका महापालिका रुग्णालयातून पळवलेल्या बाळाचा माग लागायला सुमारे वर्ष गेले आणि ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली.

बाळ पळवले जाते, तशी बाळांची अदलाबदलही होते. आसामच्या दरांग जिल्ह्यातील मंगलदै येथील रुग्णालयात २०१५ साली दोन मुलगे बदलले गेले. संशय आलेल्या पालकांनी पाठपुरावा केला आणि डीएनए चाचणीत अदलाबदल सिद्ध झाली. पण २०१८ च्या जानेवारीत मुले न्यायालयासमोर आली, तेव्हा वाढवणाऱ्या आईला सोडून जायला दोघेही तयार होईनात. अखेर दोन्ही कुटुंबांनी मुले आहेत तिथेच ठेवायचे ठरवले. पहिल्या तासात पट्टी नीट बांधली नाही, तर झालेली चूक पुढे न्यायालयालाही पूर्ण दुरुस्त करता येत नाही.

आज आपल्या बहुतेक वॉर्डांत बाळाची ओळख म्हणजे मनगटावर चिकटपट्टीचा एक तुकडा आणि त्यावर बॉलपेनाने लिहिलेले आईचे नाव. बाळाला पुसताना, तेल लावताना शाई पसरते. एकाच नावाच्या दोन बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या, तर त्या तुकड्याचा उपयोग उरत नाही. सिझेरियन झालेल्या आईला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. नातेवाईक औषधे आणायला, रिपोर्ट घ्यायला, जन्मनोंदणीचे कागद करायला गेलेले असतात. अशा वेळी कुणीतरी येते आणि ‘बाळाला डोस द्यायचाय, द्या इकडे’ किंवा ‘कावीळ तपासायचीय, पेटीत ठेवावं लागेल’ असे म्हणते. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी या लसी जन्मल्यावर लगेच द्यायच्या असतात आणि काविळीसाठी बाळाला खरोखरच प्रकाशाखाली ठेवतात. म्हणून आईला त्यात वावगे वाटत नाही. समोरची बाई सिस्टर आहे, मावशी आहे की परकी, हे तिने कशावरून ओळखायचे?

१९८४ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन’ या संस्थेने अशा घटनांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यातून दिसते की बाळ पळवणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. ती आधी रुग्णालयात फेऱ्या मारून दारे-जिने पाहून ठेवते, अनेकदा परिचारिकेची बतावणी करते आणि आईशी ओळख वाढवून तिचा विश्वास मिळवते. केरळच्या कोट्टायम वैद्यकीय महाविद्यालयात जानेवारी २०२२ मध्ये परिचारिकेच्या वेशात आलेल्या महिलेने असेच बाळ नेले होते. ही पद्धत ठाऊक असताना सारी राखण बाळंतिणीच्या जागरणावर सोपवणे अन्यायाचे आहे. आमचे सारे म्हणणे एवढेच आहे की बाळाच्या सुरक्षेचा भार आईवरून उतरवून व्यवस्थेवर टाकावा.

यासाठीचे तंत्रज्ञान उपलब्ध आहे आणि परदेशांतील अनेक प्रसूती विभागांत वर्षानुवर्षे वापरात आहे. बाळाच्या घोट्यावर मऊ पट्ट्याने एक छोटा टॅग बांधतात. तो ठरावीक अंतराने रेडिओ संकेत देतो आणि छतावरचे ग्राहक तो टिपत राहतात. टॅग घेऊन कुणी परवानगीशिवाय दाराजवळ गेले, तर दार बंद होते, लिफ्ट थांबते आणि सिस्टरच्या टेबलावर व सुरक्षा चौकीत गजर वाजतो. पट्टा कापला किंवा ओढून काढला तरी गजर होतो. आईच्या मनगटावर जोडीचा टॅग असेल, तर चुकीचे बाळ तिच्याजवळ आणताच यंत्रणा तसे कळवते.

मात्र टॅग हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. साखळीची सुरुवात लेबर रूममध्ये, बाळाच्या पहिल्या पट्टीपासून होते. ती पट्टी चुकीची बांधली, तर महागडा टॅगही चुकीच्याच बाळाची राखण करील. म्हणून आमच्या मागण्या जन्माच्या क्षणापासून गेटपर्यंतच्या क्रमाने मांडल्या आहेत.

आमच्या मागण्या :

१. एकच शासन निर्णय. जिल्हा व स्त्री रुग्णालये आपल्या विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि प्रसूतिगृहे महापालिकांकडे आहेत. बाळाला ही विभागणी कळत नाही. तिन्हींना लागू होणारा एकच शासन निर्णय काढावा आणि प्रत्येक रुग्णालयात एक नावानिशी जबाबदार अधिकारी नेमावा.

२. चार पट्ट्यांची पद्धत. बाळ लेबर रूम किंवा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर जाण्यापूर्वी एकाच क्रमांकाच्या, छापील, पाण्याने न पुसणाऱ्या चार पट्ट्या बांधाव्यात : दोन बाळाला, एक आईला, एक तिने सांगितलेल्या नातेवाइकाला. क्रमांक आईसमोर मोठ्याने वाचून दाखवावा आणि केसपेपरवर लिहावा. बाळाच्या पायाचा ठसा व छायाचित्र नोंदीत ठेवावे. बाळ प्रत्येक वेळी परत देताना व डिस्चार्जच्या वेळी क्रमांक पुन्हा जुळवावा. हे काम निधीसाठी थांबण्यासारखे नाही, ते तातडीने सुरू करावे.

३. इलेक्ट्रॉनिक टॅग टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात सर्व वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा स्त्री रुग्णालये व महापालिकांची मोठी प्रसूती रुग्णालये घ्यावीत, नंतर उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये. टॅगची संख्या मंजूर खाटांवर ठरवू नये, सर्वाधिक गर्दीच्या दिवशी वॉर्डात असणाऱ्या बाळांवर ठरवावी. विशेष नवजात शिशु दक्षता कक्षातील बाळांनाही ही सोय असावी. तिथे आई जवळ नसते, त्यामुळे गरज उलट जास्त असते.

४. निविदेतील तांत्रिक अटी. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि घट्ट बांधलेला पट्टा सैल होतो. म्हणून पट्टा निसटला तरी इशारा देणारा टॅगच घ्यावा आणि प्रत्येक पाळीत पट्टा तपासण्याची नोंद असावी. नाजूक त्वचेला इजा न करणारा पट्टा, प्रत्येक वापरानंतर टॅगचे निर्जंतुकीकरण, बॅटरी संपण्याआधी सूचना, वीज गेल्यावर चालणारी पर्यायी व्यवस्था आणि भारतात परवानामुक्त असलेल्या वारंवारितेवर चालणारी उपकरणे या अटी स्पष्ट लिहाव्यात.

५. आगीच्या वेळी दारे उघडलीच पाहिजेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बालके गेली. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही नवजात कक्षाला आग लागून बालकांचे बळी गेले आणि वाचलेल्या बाळांची ओळख पटवताना पालकांचे अतोनात हाल झाले. अग्निशामक गजर वाजताच टॅगमुळे बंद झालेले प्रत्येक दार आपोआप मोकळे झाले पाहिजे. अग्निशमन विभागाने ही चाचणी प्रत्यक्ष पाहून प्रमाणपत्र दिल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नये.

६. देखभालीचा करार. बसवलेली यंत्रणा बंद पडून धूळ खात पडली, तर ती नसल्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणसे गाफील राहतात. खरेदीसोबतच किमान पाच वर्षांचा देखभाल करार करावा. रोज एका टॅगने दाराची चाचणी घेऊन तिची नोंद रजिस्टरमध्ये करावी. विनाकारण वाजणाऱ्या गजरांचा आढावा दरमहा घ्यावा. गजर उगाच वाजत राहिले की कर्मचारी त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात.

७. माणसे आणि शिस्त. प्रसूती वॉर्डांतील परिचारिकांची रिक्त पदे भरावीत आणि दारावर चोवीस तास महिला सुरक्षारक्षक ठेवावी. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गळ्यात छायाचित्रासह ठळक ओळखपत्र असावे. लस, तपासणी किंवा काविळीच्या उपचारासाठी बाळ नेताना पट्टी बांधलेला नातेवाईक सोबत असलाच पाहिजे. घटना घडल्यावर पाळीवरच्या एकट्या परिचारिकेला निलंबित करून प्रकरण मिटवण्याची प्रथा थांबवावी आणि व्यवस्थेतील दोषाची चौकशी व्हावी.

८. गजरानंतरची तालीम. बाळ दिसत नाही असे कळताच काय करायचे, हे प्रत्येक रुग्णालयाने लिहून ठेवावे : सर्व दारे बंद, प्रत्येक पिशवी व गाडीची तपासणी, ११२ वर पोलिसांना आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवणे, सीसीटीव्हीचे चित्रण जतन करणे. परदेशात यासाठी ‘कोड पिंक’ हा संकेत रूढ आहे. याची तालीम दर तीन महिन्यांनी, एकदा तरी रात्रपाळीत, घ्यावी.

९. खासगी रुग्णालयांना सक्ती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने १५ एप्रिल २०२५ रोजी बजावले की एखाद्या रुग्णालयातून नवजात बालकाची तस्करी झाली, तर सर्वप्रथम त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८१ मध्ये बालकांच्या खरेदी-विक्रीत रुग्णालयाचे कर्मचारी सामील असल्यास वाढीव शिक्षेची तरतूद आहे. हे दोन्ही घटना घडून गेल्यावरचे उपाय आहेत. ती घडूच नये यासाठी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून, नोंदणी व नूतनीकरणासाठी मागणी क्र. २ व ८ मधील व्यवस्था सर्वांना आणि मोठ्या रुग्णालयांना टॅग यंत्रणाही अनिवार्य करावी.

१०. शुल्क नको, पाळत नको. टॅगसाठी कोणत्याही कुटुंबाकडून पैसे किंवा अनामत घेऊ नये. टॅगमध्ये फक्त क्रमांक असावा. आधार, जात, पत्ता अशी कोणतीही माहिती त्यात नसावी. डिस्चार्जनंतर हालचालींची नोंद ठरावीक मुदतीत पुसावी आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे पालन करण्याची अट कंत्राटदारावर घालावी. बिल थकले म्हणून आई-बाळाला अडवून ठेवण्यासाठी या यंत्रणेचा वापर झाल्यास तो गैरवर्तणूक मानावा.

११. मातांना आधी सांगा. गरोदरपणातील तपासणीच्या वेळीच आशाताई व परिचारिकांनी पट्टी, टॅग आणि ‘ओळखपत्र पाहिल्याशिवाय बाळ देऊ नका’ हा नियम समजावून सांगावा. वॉर्डात चित्रांचे फलक लावावेत. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत भिली, गोंडी बोलणाऱ्या मातांना त्यांच्या बोलीत ही माहिती मिळावी.

१२. वार्षिक अहवाल. बाळ पळवणे, अदलाबदल आणि वेळीच रोखलेले प्रयत्न यांची रुग्णालयनिहाय नोंद ठेवून दरवर्षी ती विधिमंडळासमोर व जनतेसमोर मांडावी.

महोदय, यंत्रणेला खर्च येईल हे आम्ही जाणतो. म्हणूनच टप्पे सुचवले आहेत आणि सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी मागितला आहे. छापील पट्टी, मोठ्याने वाचलेला क्रमांक आणि दारावरची जागी महिला रक्षक यांसाठी परदेशी तंत्रज्ञानाची वाट पाहायची गरज नाही.

आमची विनंती आहे की या निवेदनावर तिन्ही विभागांची संयुक्त बैठक तीस दिवसांच्या आत बोलवावी आणि तिला प्रसूती वॉर्डांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिका व माता-पालकांचे प्रतिनिधी यांना निमंत्रित करावे. पट्ट्यांची पद्धत तीन महिन्यांत आणि पहिल्या टप्प्यातील टॅग यंत्रणा एका आर्थिक वर्षात सुरू करण्याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हाला द्यावी.

आपले विश्वासू,
शासकीय व महापालिका रुग्णालयांत प्रसूती झालेल्या माता, त्यांचे कुटुंबीय व नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१. मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
२. मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक, राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र
३. मा. आयुक्त, सर्व महानगरपालिका
४. मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग