बेचाळीस हजार हर्ट्झ आणि सादळलेला पापड

गेल्या आषाढात शहापूरला एका मित्राकडे गाणं ऐकायची बैठक होती. मुंबईहून एक जाणकार आले होते. त्यांनी दोन इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन टेबलावर मांडले आणि तासाभरात निकाल देऊन टाकला. महाग तो खरा, स्वस्त तो (तोही लाखाच्या घरातला!) खोटा. फरक कळत नसेल तर तुमचे कान तयार नाहीत. आणि हो, ही चीज खेड्यापाड्यांसाठी नव्हे. आणखीही काही बोलले असतील, पण राग यायला मला एवढं पुरलं.

दोन्हींचा आवाज मापून सारखा केला नव्हता. जरा चढा वाजणारा हेडफोन कुणालाही सरसच वाटतो. साठीनंतर बारा हजार हर्ट्झच्या पुढे कान बहुधा रजेवर असतो, आणि हे साठी ओलांडलेले गृहस्थ माहितीपत्रकातल्या ४२ हजारांची ग्वाही देत होते. ती पटवायला लावलं काय, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचं १९०५ सालचं ध्वनिमुद्रण! कर्ण्यात गाऊन मेणावर उतरलेल्या त्या आवाजात चारेक हजारांच्या वर फारसं काही नाहीच.

पण हे सगळं मी सोडून देतो. माझं खरं भांडण हवेवरून आहे.

साध्या हेडफोनात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये दोन जाळ्यांच्या मध्ये केसाहून कितीतरी पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यावर कायम विद्युतभार असतो. स्टॅक्सच्या आजच्या हेडफोनांत तो ५८० व्होल्टच्या दाबाने दिलेला. गाण्याचा विद्युतदाब जाळ्यांवर आला की एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते. याच जपानी कंपनीने १९६० साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला, तेव्हाही तत्त्व हेच होतं. पडद्यावरचा भार टिकायला हवा कोरडी लागते. ओल आणि धूळ एकत्र आली की तो गळायला लागतो, आणि दोन्ही कानांत सारखाच गळेल असंही नाही.

आता आषाढातलं शहापूर डोळ्यांपुढे आणा. माहुलीच्या डोंगरावर ढग बसलेले. मुंबई जे भातसा-तानसाचं पाणी पिते, ते आधी आमच्या कौलांवर पडतं. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, डब्यातला पापड सादळतो, काडी ओढली तर गूल निघून येतो आणि काडी काही पेटत नाही. माझ्या जुन्या हेडफोनाचा डावा कान या दिवसांत दर वर्षी बसतो. मधोमध वाजणारा तंबोरा उजवीकडे सरकतो, मधूनच चुरचुर ऐकू येते. मग तो तांदळाच्या रिकाम्या डब्यात जातो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दोन दिवसांनी काढला की तंबोरा पुन्हा जागेवर. बैठकीतला स्वस्त हेडफोन आठ दिवस मित्राच्या उघड्या फळीवर पडून होता. महागडा मात्र मुंबईहून हवाबंद पेटीतून आला आणि तिथल्या तिथे कानावर चढला. तुलना कशाची झाली? कोरड्याची आणि ओल्याची.

हे नवं नाही. अशाच जाणकारांच्या गोतावळ्याशी मी कधीकाळी तबकडी की सीडी हा वाद घातला होता. सीडीत म्हणे प्राण नाही! सुईवर मळ किती साचलाय, ते तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं.

राहता राहिलं खेडं. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा आधी दात बघतो, चालवून बघतो आणि मग किमतीवर येतो. जाणकार किमतीपासूनच सुरू झाले होते.

मग माझं म्हणणं काय? थोडकंच आहे. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये खरंच काहीतरी आहे. पडदा इतका हलका की आघात संपताच थांबतो. म्हणून तंबोऱ्याची जवारी अशी उलगडते की एक तार विरत असताना दुसरीचा आरंभ वेगळा कळतो. हे स्वस्तातही ऐकू येतं, महागातही. महागात जास्त येतं का? येत असेल.

त्या गृहस्थांना एवढंच सांगणं: पौषात या, म्हशाची जत्रा भरते तेव्हा. हवा कोरडी असते. दोन्ही हेडफोन आठ दिवस एकाच डब्यात ठेवू, आवाज मापून सारखा करू, आणि कानावर कुठला चढवला ते तुम्हाला सांगणार नाही. डबा माझा.