आधी वॅट मोजा, मग पॅनल विका

गुरुवार हा आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या सुट्टीचा दिवस, म्हणून देखभालीच्या शटडाऊनचाही. भोसरी, तळवडे, चाकणच्या वर्कशॉपवाल्यांना त्याची सवय आहे. पण यातलेच काही जण आता आपल्याकडे वेगळे काम घेऊन येतात. ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम, बिले, कॅमेऱ्याचे चित्रण, घरचे फोटो असे सगळे घरातल्याच एका लहान सर्व्हरवर ठेवायचे, आणि तो सर्व्हर पॅनल-बॅटरीवर बारा महिने चालवायचा. खेड-मावळात शेतघर बांधणाऱ्यांचीही हीच मागणी असते.

ही मागणी रास्त आहे. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे धुके आणि दवामुळे ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुण्यापासून पिंपरी-चिंचवड, चाकणपर्यंत लाइट गेली. ज्यांच्या छतावर ऑन-ग्रिड पॅनल होते त्यांनाही त्याचा उपयोग नव्हता. ग्रिड गेली की तो इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तो तसाच बनवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, पण नुसत्या ऑन-ग्रिड जोडणीने घर अंधारातून सुटत नाही. ग्राहकाला हे सहीच्या आधी सांगायला हवे.

आक्षेप आहे तो आपण देत असलेल्या उत्तरावर. ग्राहक ‘सर्व्हर’ म्हणाला की आपण १ किलोवॉटचे पॅनल, दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर असे कोटेशन लिहितो. लोड किती, हे कोणी मोजतच नाही. घरातला जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून लावला तर तो ६० वॅट घेतो. इन्व्हर्टर स्वतःच्या पोटासाठी १०-१५ वॅट खातो, वर रूपांतराची घट. बॅटरीतून ८० वॅटच्या वर जातात, म्हणजे दिवसाला जवळपास २ युनिट. आता एन-१०० प्रोसेसरचा लहान पीसी आणि दोन एसएसडी घ्या. हा संच सरासरी १० वॅटच्या आसपास चालतो. राउटर आणि कन्व्हर्टरची घट धरली तरी २० वॅट, म्हणजे दिवसाला अर्धा युनिट. काम तेच होते आणि खर्च चौथाईवर येतो. १२ वॅटच्या लोडसाठी १५ वॅट खाणारा इन्व्हर्टर मध्ये बसवणे मला तरी कारागिरी वाटत नाही. बॅटरीत डीसी आहे, सर्व्हरलाही डीसीच लागते. मध्ये २३० व्होल्टचा वळसा कशासाठी?

२००६ साली सीआयआयच्या पुढाकाराने आलेले ‘पुणे मॉडेल’ आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार उतरवला आणि शहराचे भारनियमन टळले. तुटवडा असेल तेव्हा आधी भार उतरवायचा, हे या गावाला नवे नाही.

सरळ डीसीवर जायचे तर नेमके काम करावे लागते, आणि खरी चूक इथेच होते. १२ व्होल्टची बॅटरी कधीच १२ वर थांबत नाही. लिथियम फॉस्फेटचा चार सेलचा पॅक रिकामा होताना १० व्होल्टपर्यंत उतरतो आणि चार्ज होताना १४.६ ला जातो. हार्ड डिस्कला मात्र १०.८ ते १३.२ एवढेच चालते. म्हणून मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर हवाच, नुसता बक पुरत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते. अशा चार डिस्क एकदम सुरू झाल्या की ८ अँपिअर. कन्व्हर्टर बॅटरीपाशी ठेवला आणि तिथून सर्व्हरपर्यंत ५ मीटर १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये जवळपास १ व्होल्ट गळतो. म्हणजे १२ चे ११ झाले. एखादी लग नीट क्रिम्प केलेली नसेल तर १०.८ च्या खाली, आणि सर्व्हर रीस्टार्ट. मग पुन्हा चारही डिस्क फिरतात, पुन्हा व्होल्टेज पडते. ग्राहक म्हणतो डिस्क खराब निघाली; प्रत्यक्षात खराब असते ती वायरची निवड. कन्व्हर्टर सर्व्हरपाशी बसवा, वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्या, डिस्क एकामागून एक सुरू होतील असे सेटिंग करा. साठा २-३ टेराबाइटच्या आत असेल तर फिरणारी डिस्क टाळाच.

चार्ज कंट्रोलरमध्ये पैसे वाचवू नका. ३३० वॅटचे ७२ सेलचे पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास ९ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते पॅनल बॅटरीच्या व्होल्टेजला ओढून आणतो, म्हणून हाती ११५-१२० वॅटच लागतात. एमपीपीटी बसवला तर १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा पॅक आणि असे एक पॅनल अर्ध्या युनिटला पुरते. सूर्य दिसला नाही तरी दोन दिवस निघतात. मावळात, लोणावळ्याच्या बाजूला मात्र श्रावणापर्यंत ढग हटत नाहीत, तिथे दोन पॅनल लावा. एमआयडीसीच्या शेजारच्या छतावर फाउंड्रीची धूळ बसते, ती पुसायला जागा सोडा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सर्व्हर बंद कसा होतो. बॅटरी उतरली की बीएमएस किंवा कंट्रोलर लोड खाडकन तोडतो. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल अर्धी राहते. सर्व्हरला आधी कळायला हवे, आणि लिथियम फॉस्फेटचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतके सपाट असते की केवळ त्यावरून चार्ज किती उरला ते सांगता येत नाही. शंट लावून अँपिअर-तास मोजा, ती नोंद सर्व्हरपर्यंत न्या, २० टक्क्यांवर त्याला स्वतःहून नीट बंद होऊ द्या, आणि बॅटरी पुरेशी भरल्यावरच पुन्हा सुरू करा. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचे सेटिंग तपासा. रास्पबेरी पाय वापरत असाल तर पाय ४ मध्ये घड्याळच नाही. नेट नसताना तो चुकीची वेळ धरून बसतो आणि रात्रीचा बॅकअप भलत्याच वेळी होतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा जोडावा लागतो.

आणि फ्यूज. लोड २० वॅटचा असला तरी शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, आणि एमसीबी डीसीचीच हवी. एसीच्या एमसीबीत डीसीचा आर्क विझत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी छताजवळ टांगू नका, उन्हाळ्यात तिथली उष्णता पॅकचे आयुष्य खाते.

या पावसाळ्यात ज्यांनी असा संच बसवला असेल त्यांनी बॅटरीच्या तारेवर डीसी टाँग टेस्टर लावून चोवीस तासांच्या नोंदी घ्याव्यात: सरासरी वॅट, सुरू होतानाचे सर्वांत कमी व्होल्टेज, सर्वांत ढगाळ दिवशी पॅनलने दिलेले वॅट-तास. गाव आणि संचाचा तपशील लिहून आमच्याकडे पाठवा. दिवाळीच्या आधीच्या अंकात त्या गावनिहाय छापू, म्हणजे पुढचे कोटेशन लिहिताना प्रत्येकाच्या हाताशी आपल्याच पट्ट्यातले आकडे असतील.