हात काळे झाले तर बिघडले काय?

प्रार्थनेनंतर वर्गावर्गांतून स्वच्छतेची तपासणी करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मुलांनी बोटे पुढे करावयाची, नखे दाखवावयाची आणि शिक्षकांनी मान हलविली की खाली बसावयाचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका तपासणीच्या वेळी नववीतील एका मुलाने हात पाठीमागेच ठेवले. दोनदा सांगितल्यावर ते पुढे आले. नखांच्या कडा काळ्या होत्या आणि बोटांच्या पेरांवरील रेषांत काळे वंगण मुरलेले होते. "शाळेत येताना हात स्वच्छ धुऊन येत जा," असे आम्ही त्याला चारचौघांत सुनावले. तो काही बोलला नाही. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याच्या बाबांचं गॅरेज आहे. काल रविवार होता ना!" वर्ग हसला. ज्याला आम्ही घाण समजलो ती घाण नव्हती, हे आमच्या तत्काळ ध्यानात आले. परंतु तोंडातून गेलेला शब्द मागे घेण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तो प्रसंग आम्ही विसरलो नाही, आणि म्हणूनच यंदाच्या वार्षिकासाठी हा विषय घेतला आहे. आपल्या घरातील वाहनाची नित्याची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती ज्याची त्याने स्वतःच्या हातांनी करावी, निदान करावयास शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात चार पैशांची बचत आहे हे खरेच. पण आमच्या दृष्टीने ती गोष्ट दुय्यम आहे. मुख्य गोष्ट शिक्षणाची आहे.

आपले वडगाव हे विणकरांचे गाव. मागावर धागा तुटला तर विणकर कोणाची वाट पाहत बसत नाही. तो स्वतः गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. मागाचा आवाज बदलला की काय बिघडले हे त्याला न पाहता कळते. ज्या यंत्रावर आपली भाकर अवलंबून आहे त्याची ओळख असलीच पाहिजे, हे या गावाला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. पण याच गावात आज दारोदार दुचाकी उभी आहे, पुष्कळ घरांपुढे मोटारही आहे, आणि त्यांच्याविषयी मात्र आपण पूर्ण अनभिज्ञ आहोत. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आमची या पूजेला मुळीच हरकत नाही. परंतु वर्षातून एक दिवस पूजा आणि उरलेले सर्व दिवस उपेक्षा, याला भक्ती म्हणावे काय? ज्या इंजिनाला आपण नमस्कार केला त्यात तेल आहे की नाही, हे पाहण्याची कांडी कोठे असते, एवढे तरी किती भक्तांना ठाऊक असते?

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरात टाकीत नाही. आमच्या वडिलांजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी बाही दुमडून ते तिचे झाकण उघडीत, पाणी पाहत, प्लग पुसत, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघत. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो की ते म्हणत, "हें तुजें काम न्हय, तूं पुस्तक घे." आमच्या घरची बोली कोंकणी, आणि वडिलांच्या त्या बोलण्यात माया होती, यात शंका नाही. आपले हात काळे झाले तरी चालतील, मुलाचे होऊ नयेत, असे त्यांना वाटे. आम्ही पुस्तक घेतले, कला शाखेची पदवी मिळविली, आणि त्या झाकणाखाली काय चालते याविषयी अडाणी राहिलो. कित्येक घरांतून प्रेमापोटीच मुलांचे हात असे पांगळे केले जातात. ज्या मुलाला आम्ही वर्गात बोललो त्याच्या वडिलांनी मात्र त्याला जवळ उभे केले होते. त्या दोन मुलांत अधिक शिकलेला कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात आहे.

त्याचे उत्तर आम्हांस लवकरच मिळाले. पावसाळ्यातील एका संध्याकाळी शाळा सुटली आणि आमची जुनी स्कूटर काही केल्या सुरू होईना. आम्ही ती तिरपी केली, किक मारून मारून घामाघूम झालो. तोच मुलगा फाटकापाशी थांबला होता. तो जवळ आला, डिकीतील पाना मागून घेतला, प्लग काढला आणि आमच्यासमोर धरला. टोक पेट्रोलने ओले झालेले होते. "सर, हिला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पेट्रोल आलंय, म्हणून तर प्लग भिजलाय. आता ठिणगी बघायची." त्याने प्लग पुसला, वाळविला, काजळी खरवडली, परत बसविला आणि दुसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली. काम पाच मिनिटांचे होते. पण 'आधी जे आहे ते पाहावे, मग जे नाही ते शोधावे' ही जी विचाराची शिस्त त्याने दाखविली, ती तर्कशास्त्राच्या तासालाही सहज शोभली असती. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली आणि तोच प्लग त्याच्या हाती देऊन त्याला दहा मिनिटे बोलावयास सांगितले. या वेळी त्याचे हात पाठीमागे नव्हते.

शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन हे इंजिनाचे चार टप्पे पाठ करून परीक्षेत गुण मिळविता येतात. पण प्लगच्या टोकाचा रंग पाहून आतील ज्वलन कसे चालले आहे हे जो ओळखतो, त्याला ते टप्पे खऱ्या अर्थाने समजले. टोक तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी धरली असेल तर बहुधा पेट्रोल जास्त आणि हवा कमी. तेलकट काळे असेल तर तेल नको तेथे शिरत आहे. असा हा सहज वाचता येणारा अहवाल आपल्या अंगणात उभा असतो.

मोटारीचा इतिहास पाहिला तर तिचा पहिला लांबचा प्रवासच मुळी वाटेवरच्या दुरुस्तीचा होता. इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनविलेली मोटारगाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तारेचे आवरण झिजले तेथे मोज्याचा बंध गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. इंधन संपले तेव्हा ते औषधाच्या दुकानातून घेतले. मोटारदुरुस्ती हे पुरुषांचे काम, असे मानणाऱ्यांनी ही कथा ध्यानात ठेवावी, आणि आमच्या विद्यार्थिनींनी तर अवश्यच.

आणि योगायोग पाहा. त्याच १८८८ सालापासून आपल्या बेळगावातील किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ मोजला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात डोळे उणे पडले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. बेळगावातील त्यांचा व्यवसाय होता सायकलींचा. त्यातून लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्याच्या आश्रयाने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तीतून मराठीतील एक नामांकित मासिक वाढले. हाताने काम करणारे आणि लेखणी धरणारे हे दोन वेगळे वर्ग आहेत, ही समजूत आपल्याच मातीत अशी खोटी ठरलेली आहे. आज आपल्या उद्यमबागेत ओतकाम आणि सुटे भाग घडविण्याचे जे कारखाने चालतात, तेथे आपल्यापैकी कित्येकांचे पालक कामाला जातात. त्यांच्या हातांवरचा काळा रंग हा त्याच परंपरेचा आहे.

हौसेने वाहने सांभाळणाऱ्यांचे उदाहरणही घेण्याजोगे आहे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकली तयार होत. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले. तरीही हौशी मंडळींनी त्या गाड्या अंगणात, व्हरांड्यात, मिळेल तेथे दुरुस्त करून चालत्या ठेवल्या. न मिळणारा भाग लेथवर करून घेतला, एका गाडीचा जीव दुसरीत घातला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले, तेव्हा जुन्या गाड्या अजून रस्त्यावर होत्या. वस्तू बिघडली की टाकावयाची, या आजच्या वृत्तीला या लोकांनी कृतीने उत्तर दिले आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. कोणी म्हणेल, सर्वांनीच दुरुस्ती शिकली तर मिस्त्रीने पोट कशावर भरावे? वस्तुतः अनुभव याच्या उलट आहे. ज्याला कामाची जाण आहे, तोच कारागिराची किंमत ओळखतो. प्लग बदलून पाहिलेला माणूस इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीशी पैशांची घासाघीस करीत नाही; आणि त्याला कोणी सहजासहजी फसवूही शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे नवे कडक नियम आले. नव्या गाड्यांत इंधन किती जावे हे यंत्रगणक ठरवितो, कार्ब्युरेटर गेला. विजेच्या गाड्याही आल्या. मग पाना घेऊन बसण्यात काय अर्थ? यावर आमचे म्हणणे असे, की इंजिनाचा मेंदू बदलला तरी चाकांत हवा लागतेच, ब्रेक झिजतातच आणि दिवे जातातच. विजेच्या गाडीतील जाड नारिंगी तारांना मात्र कोणीही हात लावू नये. त्यांतील विजेचा दाब प्राणघातक असतो. जेथे आपले ज्ञान संपते तेथे हात थांबला पाहिजे. पण ती सीमा कोठे आहे हे समजण्यासाठीही थोडे ज्ञान हवेच. शिवाय वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्त करण्याचा अधिकार असावा, असा विचार आता जगभर मूळ धरीत आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली त्या दिशेने पाऊल टाकले आणि त्यात वाहनांचा समावेश केला. हा अधिकार कागदावर मिळेल. पण दुरुस्तीची इच्छाच मेली असेल तर तो वापरणार कोण?

म्हणून आरंभ लहान असावा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद झाल्यावर काही मिनिटांनी, कांडी पुसून तेल पाहावे. चाकांतील हवा गाडी चालविण्यापूर्वी, ती थंड असताना तपासावी. मोटारीला किती हवा हवी हे बहुधा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. टायरची नक्षी किती झिजली ते पाहावे. मोटारीच्या टायरवर ती १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलावा. दुचाकीची साखळी पुसून तिला तेल द्यावे. हवेची गाळणी धूळ धरून बसली आहे काय ते बघावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर आधी ऋण टोक सोडवावे, मग धन, आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुऊन काढावी.

चार निषेधही तितकेच महत्त्वाचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधी उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवर तापलेले असते आणि झाकण सैल होताच वाफ होऊन अंगावर येते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसाला नेतो. आणि काढलेले काळे तेल गटारात ओतू नये. आपली गटारे नाल्याला मिळतात, आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात आपल्याच शेतांत पसरते. ते तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. ब्रेकचे काम तर जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून मुळीच करू नये. तेथे चूक झाली तर तिचे मोल दुसऱ्याला द्यावे लागते.

पालकांस आमची विनंती एवढीच, की रविवारी गाडीचे झाकण उघडाल तेव्हा मुलामुलीला हाक मारा. त्यांच्या हाती पुस्तक असेल तर तास-दोन तास मिटून ठेवू द्या. ते कोठे जात नाही. आमच्या वडिलांनी आम्हांस एकदा तरी पाना हाती दिला असता, तर एका मुलाचे मन दुखविण्याची वेळ आमच्यावर आली नसती.

नखांची तपासणी आम्ही अद्याप करतो. जेवणापूर्वी हात धुतलेच पाहिजेत, याविषयी आमचे मत बदललेले नाही. फरक पडला आहे तो इतकाच, की कोणाची बोटे काळी दिसली तर आम्ही आता प्रथम विचारतो, "काल काय दुरुस्त केलेस?"