जुना मॉनिटर, नवे ग्राफिक्स कार्ड

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की, 'आता मॉनिटरही बदला' असा सल्ला हमखास मिळतो. पुष्कळदा तो अनाठायी असतो. सुस्थितीतील वस्तू भंगारात देऊन नव्या खर्चात पडण्यापूर्वी मॉनिटरची मागील बाजू पाहावी. निर्णय तेथील जोडणीवर अवलंबून असतो.

तीन ओळींत १५ छिद्रे असलेली, बहुधा निळी जोडणी म्हणजे व्हीजीए. आयबीएमने ती १९८७ मध्ये आणली. तिच्यातून चित्राचा संकेत अ‍ॅनालॉग, म्हणजे सतत बदलणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपाने जातो. रुंद, बहुधा पांढरी जोडणी म्हणजे १९९९ची डीव्हीआय. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट त्यानंतरच्या. त्यांतील संकेत डिजिटल, म्हणजे आकड्यांच्या रूपातला. आजच्या कार्डांवर बहुधा या दोनच आढळतात.

मॉनिटरला डीव्हीआय असेल तर काम सोपे. तिचा डिजिटल चित्रसंकेत एचडीएमआयच्याच जातीचा असल्याने दोहोंना जोडणारी साधी केबल पुरते.

केवळ व्हीजीए असेल तर मात्र साधी केबल उपयोगाची नाही. डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा, आत इलेक्ट्रॉनिक परिपथ असलेला कन्व्हर्टर लागतो. तो 'एचडीएमआयकडून व्हीजीएकडे' असाच मागावा. उलट दिशेचा निरुपयोगी ठरतो. डीव्हीआयला लावायचा लहान, स्वस्त व्हीजीए जोड सर्वत्र चालत नाही. कार्डाच्या डीव्हीआयमधील आडव्या फटीभोवती चार छिद्रे असतील, तरच त्यातून अ‍ॅनालॉग संकेत मिळू शकतो. एनव्हीडियाने २०१६ मध्ये आणलेल्या जीटीएक्स १०८०च्या डीव्हीआयमध्ये ही सोय उरली नव्हती.

जोडताना केबल नव्या कार्डालाच लावावी. सवयीने ती मदरबोर्डच्या जुन्या जागी लावली जाते, पडदा काळाच राहतो आणि दोष विनाकारण मॉनिटरच्या माथी येतो.

एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. १३६६ × ७६८ बिंदूंचा पडदा कितीही महागड्या कार्डाने त्याहून अधिक बिंदू दाखवणार नाही. अतिसूक्ष्म चित्रासाठीच कार्ड घेतले असेल, तर नवा मॉनिटर हा योग्य खर्च होय. हिशेब, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांसाठी मात्र जुना पडदा आणि एक कन्व्हर्टर पुरेसा आहे.