आधी लगाम, मग अश्वशक्ती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्चाविषयी लिहावे, इंजिनाच्या नादी लागू नये, असे कोणी म्हणेल. पण इंजिन हाही एक जमाखर्चच आहे. आणि तो चुकला तर तोटा वहीत दिसत नाही, माणसाच्या अंगावर येतो. म्हणून हा प्रपंच.

अमेरिकेत खेड्यापाड्यांच्या जत्रांत ट्रॅक्टरने ओझे ओढण्याच्या स्पर्धा होतात. त्यांतलाच एक धाकटा प्रकार म्हणजे बागेत गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांची स्पर्धा. ट्रॅक्टरमागे साखळीने एक वजनदार घसरगाडी जोडतात. ती पुढे जाऊ लागली, की तिच्यावरील वजनाची पेटी ट्रॅक्टरच्या दिशेने सरकत येते आणि ओढणे अधिकाधिक कठीण होते. जो सर्वांत लांब ओढील, तो जिंकला.

या खेळात कोहलर कंपनीच्या जुन्या ‘के’ मालिकेतील एकदट्ट्या इंजिनांना मोठा मान आहे. त्यांचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली, तरी लोक ती शोधून, दुरुस्त करून वापरतात. त्यांतले के-३०१ घ्या. सुमारे ४७६ घन सेंटिमीटर, मिनिटाला ३,६०० फेरे आणि १२ अश्वशक्ती. याला ‘फ्लॅटहेड’ म्हणतात, कारण दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात आणि वरचे हेड केवळ सपाट झाकणासारखे असते. रचना सोपी, स्वस्त, दणकट. पण श्वास मात्र आखूड. पेट्रोल-हवेचे मिश्रण खालून वर येते आणि आडवे वळून सिलिंडरमध्ये शिरते.

शक्ती वाढवण्यासाठी हेड घासून पातळ केले तर दाब वाढतो. पण व्हॉल्व्हवरची जागा कमी होऊन श्वास आणखी कोंडतो. मग वाटा कोरून रुंद करायच्या, मोठे व्हॉल्व्ह बसवायचे, कॅमशाफ्टचा उंचवटा बदलायचा, मोठा कार्ब्युरेटर लावायचा. प्रत्येक पुढच्या सुधारणेला पैसा जास्त आणि लाभ कमी. आपण वर्गात घोकतो तो घटत्या फलाचा नियम येथे हाताला तेल लावून शिकता येतो!

शेवटी उरतो तो मार्ग फेरे वाढवण्याचा. फेऱ्यांना आवर घालणारा गव्हर्नर काढला, की इंजिन कितीतरी जोरात फिरते. खरा प्रश्न येथेच उभा राहतो. फेरे दुप्पट झाले, की फ्लायव्हीलला फाडू पाहणारे बल चौपट होते. मूळ फ्लायव्हील असते ओतीव लोखंडाचे, म्हणजे आपल्या बीडाचे. बीड दाबाला टिकते, ताणाला कच खाते, हे उद्यमबागेतल्या कोणत्याही फाउंड्रीत विचारा. मराठीत विचारा वा कानडीत, उत्तर एकच मिळेल. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे गोळ्यासारखे सुटतात. मूळचा ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉडही एवढ्या फेऱ्यांसाठी केलेला नाही.

म्हणून जेथे हा खेळ नीट चालतो तेथे फेरे वाढवणाऱ्याला पोलादी फ्लायव्हील आणि त्याभोवती भक्कम कवच लागते. ट्रॅक्टर मागे उलटू नये म्हणून आधाराचे दांडे लागतात. साखळी सुटताच इंजिन आपोआप बंद करणारी कळ लागते. “या वस्तूंनी ट्रॅक्टर एक इंचही पुढे जात नाही, मग पैसा का घालवा?” असा हिशेब तरुण मंडळी करतात. माझ्या मते तो हिशेबच खोटा आहे. विम्याच्या हप्त्यातून नफा मिळत नाही म्हणून कोणता शहाणा व्यापारी विमा टाळतो? शिवाय येथे पणाला लागते ते केवळ चालकाचे डोके नसते. कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांचेही असते.

नियमांनी खेळ मरतो, असेही म्हणतात. अनुभव उलटा आहे. अमेरिकेत पूर्वी गावागणिक निराळे नियम असत. १९६९ मध्ये काही राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन केली, ती समान नियमांसाठीच. आणि खेळ त्यानंतरही वाढतच गेला. नियम नसले म्हणजे काय होते हे पाहायला दूर जायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात कसरत करणारा एक तरुण स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला आणि सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली. आधी लगाम घातला असता, तर बंदीची पाळी कशाला आली असती?

आपल्या भागातही जत्रांतून ट्रॅक्टरांच्या स्पर्धा होतात. बेळगावात ओतकाम आहे, लेथ आहेत, तंत्रनिकेतने आहेत. अक्कल तर मुळीच कमी नाही. उणीव आहे ती शिस्तीची. ‘जुगाड’ हा शब्द आपण फार कौतुकाने उच्चारतो. त्याचे मोल शेवटी दुसऱ्याच कोणी चुकते करते. माझी सूचना साधी आहे. प्रवेश फीमधला पहिला रुपया कुंपण आणि इंजिन बंद करणारी कळ यांवर खर्च व्हावा, बक्षिसाचा विचार नंतर. कानडी विभागातील मित्रांसह आपण जत्रा समित्यांना हे समजावू शकतो. तांत्रिक बाजू तंत्रनिकेतनवाल्यांनी सांभाळावी. हिशेब लिहायला आम्ही वाणिज्यवाले तयार आहोत.