ओळखीची वाट आणि हक्काची वाट

नोकरी मिळवण्याच्या 'नव्या वाटा' या विषयावरील व्याख्यानांना सध्या महाविद्यालयांतून मोठी गर्दी होते. वक्ते सांगतात ते थोडक्यात असे: जाहिरातीची वाट पाहू नका, अर्ज करून घरी बसू नका. ओळखी वाढवा, थेट मोठ्या साहेबांना गाठा, काही महिने बिनपगारी काम करून दाखवा, आणि आपण इतरांहून वेगळे आहोत हे ठसवा. एका तालुक्याच्या गावी अशा व्याख्यानाला आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. कार्यक्रम संपल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, आमच्या घरी कोणाचीच कोणाशी ओळख नाही. मी सुरुवात कोणापासून करू?" वक्त्यांनी तिला आत्मविश्वास वाढवण्याचा सल्ला दिला. टाळ्या पडल्या. प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्या वक्त्यांचे म्हणणे असत्य होते असे नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातील २८२ नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना नोकरीची वार्ता ओळखीपाळखीतून लागल्याचे आढळले. विशेष असे की, जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीच अधिक उपयोगी पडल्या होत्या. परंतु दूरच्या ओळखी कोणापाशी असतात? ज्याचा बाप कचेरीत, मामा बँकेत आणि शेजारी कारखान्याच्या व्यवस्थापनात आहे, त्याच्यापाशी. ऊसतोडणी कामगाराच्या मुलाची दूरची ओळख म्हणजे दुसऱ्या तांड्यावरचा ऊसतोडणी कामगारच! बिनपगारी उमेदवारीचेही तेच. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे, मेसचा डबा लावायचा आणि सहा महिने फुकट राबायचे, हे ज्याला घरून पैसे येतात त्यालाच परवडते.

शिवाय या वाटा 'नव्या' आहेत, हा दावा इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरण्यांत अर्धशतकाहून अधिक काळ भरती चालली ती ओळखीनेच. जॉबर किंवा मुकादम पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभा राही आणि बदली कामगारांच्या घोळक्यातून आपल्या गावचा, आपल्या नात्याचा किंवा हात ओले करणारा माणूस निवडून आत घेई. त्याच्या लाचखोरीची नोंद १९३१ सालच्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात आहे. विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांना तो प्रश्न उपस्थित करावा लागला. १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली, १९५९ मध्ये रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घालणारा कायदा झाला, सार्वजनिक नोकऱ्यांत जाहिरात, लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी आणि आरक्षण आले. आज ज्या रीतीला 'जुनाट' म्हणून हिणवले जाते, ती मुकादमाची मनमानी मोडण्यासाठी निर्माण झाली होती.

आणि ओळखीची वाट जात-धर्म पाहत नाही, या भ्रमात कोणी राहू नये. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक केवळ अर्जदाराच्या नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला तर सुमारे एक-तृतीयांशच. लेखी अर्जाची ही कथा. जेथे अर्जच नाही, केवळ शब्द टाकायचा आहे, तेथील अवस्था वेगळी सांगण्याची गरज नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या काळात अनेक विद्यार्थ्यांना शिफारसपत्रे दिली आणि त्यांतील काहींना नोकऱ्याही लागल्या. त्याचे समाधान वाटे. परंतु जागा एकच होती, आणि ज्याला पत्र देणारा प्राध्यापक नव्हता असा कोणी तरी तेवढ्याच योग्यतेचा तरुण त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. युक्तीने नोकरी एकाला मिळते. तिने जागा मात्र एकही वाढत नाही. सभेत एक जण टाचा उंचावतो तेव्हा त्याला दिसते. सर्वांनीच टाचा उंचावल्या तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचेच दुखतात.

मूळ दुखणे जागांच्या तुटवड्याचे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, आणि खुल्या वर्गाच्या उमेदवाराला केवळ परीक्षेस बसण्यासाठी एक हजार रुपये मोजावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शासनाने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुणांचा क्षोभ पाहून ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. या दहा लाखांना व्यक्तिमत्त्व-विकासाचे धडे देणे म्हणजे दुष्काळात पाणी पिण्याची नवी रीत शिकवण्यासारखे आहे.

खरोखरीची वेगळी वाट याच महाराष्ट्राने एकदा दाखवली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड पटवली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने काम शोधत हिंडण्याऐवजी, त्याने मागितले की शासनाने काम शोधून द्यायचे! त्यासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसला. योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी रखडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु काम ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले, आणि २००५ साली देशाने ते स्वीकारले. शहरांसाठी केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकले. हमीची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राने शहरी बेकारांना मात्र व्याख्यानांवर सोडून द्यावे, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक खात्याच्या रिक्त जागा दरवर्षी जाहीर व्हाव्यात व त्या ठरलेल्या मुदतीत भराव्यात. परीक्षाशुल्क नाममात्र असावे. बिनपगारी उमेदवारीला कायद्याने बंदी यावी. आणि शहरातील सुशिक्षित-अशिक्षित बेकारांसाठी रोजगार हमीचा कायदा व्हावा. तरुणांनी ओळखी जरूर वाढवाव्यात. पण त्या साहेबांच्या नव्हे, परस्परांच्या. त्या मुलीच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच आहे: सुरुवात शेजारच्या बाकावर बसलेल्या बेकारापासून कर.