रेंज फुल्ल, नेट गुल!

सध्या घराघरांत सगळ्यात जास्त वेळा दिला जाणारा तांत्रिक सल्ला कोणता, माहितीये? ‘बंद करून चालू कर!’ राहुरीत स्टेशन रोडला जा नाहीतर एखाद्या वस्तीवर, वायफायच्या डब्याचं बटण बिचारं दाबून दाबून झिजलंय. नेट आलं की आपण खूश. नाही आलं की केबलवाल्याच्या नावानं शिमगा. आणि दोन-तीन महिने असे गेले की घरात ठराव पास होतो, ‘५० चा प्लॅन सोडू, १०० चा घेऊ.’

माझं स्पष्ट मत आहे, दोष कुठे आहे हे शोधल्याशिवाय एक रुपयाही वाढवू नका. एका व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात. मग ५० चा प्लॅन असताना ऑनलाइन लेक्चर अडकतं, ते प्लॅन लहान आहे म्हणून नाही. गडबड दुसरीकडेच असते.

मुळात एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुळा कालव्याला पाणी सुटलंय का, हा एक प्रश्न. ते चारीतून आपल्या वाफ्यापर्यंत पोचतंय का, हा दुसरा. मोबाईलवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, त्याचा अर्थ एवढाच की मोबाईल आणि डबा यांचं जमतंय. डब्यात बाहेरून नेट येतंय की नाही, ते त्या कांड्या सांगत नाहीत. म्हणून तर रेंज फुल्ल आणि नेट गुल!

मग शोधायचं कसं? आधी डब्याचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये. वायर कुठे तुटली असेल, वाकली असेल. अशा वेळी घरात काहीही करून उपयोग नाही, सरळ तक्रार करा.

दिवे ठीक आहेत? मग लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट घ्या. लॅपटॉप नसेल तर मोबाईल घेऊन डब्यापाशी उभे राहा. नंतर तीच टेस्ट आतल्या खोलीत घ्या. डब्यापाशी झकास आणि आत बोंब, तर दोष घरातल्या वायफायचा. डब्यापाशीही बोंब, आणि तीही लॅन केबल लावून, तर बहुतेक दोष लाइनचा. रोज रात्री नऊच्या सुमारासच रडत असेल, तर त्या वेळी एकाच लाइनवर बरीच गर्दी होत असण्याची शक्यता जास्त. ही टेस्ट सकाळ, दुपार, रात्र अशी तीन दिवस घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

घरातल्या दोषाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डब्याची जागा. जोडणीवाला येतो, दारातून वायर घेतो आणि जिथे वायर संपते तिथेच खिळा ठोकतो. मग डबा बसतो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर नाहीतर आरशाशेजारी. धातू आणि आरसा सिग्नल अडवतात, स्लॅब आणि जाड भिंती तो खातात. म्हणून जोडणीच्या दिवशीच हट्ट धरा, ‘दादा, चार मीटर वायर जास्त टाका, पण डबा घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा लावा.’ त्या चार मीटरचे पैसे महागड्या प्लॅनपेक्षा नक्कीच स्वस्त पडतील.

दुसरं, अनेक डबे दोन नावं दाखवतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं, भिंतींना जास्त दाद देत नाही, पण शेजारपाजारचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह असे सगळे तिथेच गर्दी करतात. ५ वेगवान आहे, पण दोन भिंतींतच दमतं. डब्याच्या खोलीत ५ वापरा, लांबच्या खोलीत २.४. यात शून्य रुपये खर्च आहे. आणि दर वेळी लाइट गेल्यावर नेट जात असेल, तर तो दोष नेटचा नाहीच. डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, डब्याच्या व्होल्टेजचा बघून तो लावा.

‘एवढा कुटाणा कशाला?’ असं वाटेल. पण विचार करा. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म, एमपीएससीचा अर्ज, ऑनलाइन मुलाखत, हे सगळं आता घरातल्या त्या डब्यावर येऊन थांबलंय. कृषी विद्यापीठामुळे आपल्याकडे रूम करून राहणारी पोरं आहेत, चौघांत एक कनेक्शन. पुण्याची नोकरी गावातून करणारेही आहेत. नेट मध्येच गेलं तर त्यांच्या पगारावर येतं. ‘गावाकडं असंच असतं’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट राहिलेली नाही.

वहीत नोंदी असल्या की तक्रारीची भाषाच बदलते. ‘नेट चालत नाही हो’ म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, ‘रीस्टार्ट करून बघा.’ पण ‘लॅन केबल लावून तीन दिवस रात्री नऊला ५० ऐवजी ६ मिळतात, नोंदी आहेत’ म्हटलं की समोरच्याला लाइन तपासावीच लागते. फोनवर बोलून थांबू नका, तक्रार क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत तक्रारीला क्रमांक देणं आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागणं, दोन्हींची सोय आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून हा क्रमांकच तुमचं हत्यार.

घरात ‘तुला कळतं ना त्यातलं, तूच बघ’ हे वाक्य आपल्याच वाट्याला येतं. मग खरंच कळून घेऊया की! आज रात्री नऊला पहिली टेस्ट घ्या. प्लॅन वाढवायचा की नाही, ते तीन दिवसांनी वही सांगेल.